लंडनच्या गल्लीत भेटलेले खर्चीवाले

लंडनमध्ये वॉकिंग टूरचा नुसता सुळसुळाट आहे, खुनांची टूर, भुतांची टूर, पबची टूर, आणि त्यातच एक निर्वासितांच्या इतिहासाची पण असते. मी ताईकडे गेलो होतो, दाजींनी बिग बेन, टॉवर ब्रिज वगैरे सगळं एका दमात दाखवून टाकलेलं, आणि मग भाचीने परस्पर ही टूर बुक केली. म्हणाली, "मामा, तू कापडातला माणूस आहेस, तुला आवडेल, आत्ता काही विचारू नकोस." निर्वासित आणि कापड यांचा काय संबंध ते मला कळेना. आणि खरं सांगू का, काहीतरी रडकं असणार, दोन तास मान खाली घालून ऐकायला लागणार असंच वाटत होतं.

कोणाला जायचं असेल तर आधी पद्धत सांगतो. अशा टूर दोन प्रकारच्या असतात. एकात तिकीट ठरलेलं, ऑनलाइन पैसे भरून मोकळं व्हायचं. दुसरीत नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत पण शेवटी मनाला येईल ते द्यायचं. आमची दुसरी होती. फुकट आहे असं समजून कोणी जाऊ नका, गाइडचं पोट त्या शेवटच्या पैशांवरच असतं. दोन-अडीच तास चालणं आहे, मध्ये बसायला फारशी जागा नाही, आणि टॉयलेट स्टेशनवरच उरकून घ्या कारण पुढे कुठल्यातरी हॉटेलात कॉफी घेतल्याशिवाय सोय नाही. पाऊस येतो-जातो, छत्रीपेक्षा टोपीवालं जर्किन बरं, कारण अरुंद फुटपाथवर दहा-पंधरा छत्र्या म्हणजे पुढच्याचं डोकं आणि मागच्याचा डोळा.

आमची गाइड म्हणजे सत्तरीच्या आसपासच्या एक बाई, रिटायर्ड शिक्षिका. आवाज असा खणखणीत की लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनच्या गोंगाटात माइकची गरज नाही. त्यांचे आजोबा रशियन साम्राज्यातून पळून इथे आलेले, शिंपीकाम करायचे, एवढं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं आणि मग तो विषय परत काढला नाही, ते मला फार आवडलं.

पहिला थांबा स्टेशनच्या तोंडाशीच. तिथे ब्राँझची पाच मुलं उभी आहेत, पायाशी बॅगा, व्हायोलिनची पेटी. फ्रँक मायस्लर या शिल्पकाराचं काम, २००६ साली बसवलं. नाझींच्या तावडीतून सोडवलेली ज्यू मुलं याच स्टेशनवर उतरायची. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंची दुकानं, प्रार्थनास्थळं फोडली-जाळली, त्यानंतर ब्रिटिश सरकारने मुलांना येऊ द्यायचं ठरवलं आणि डिसेंबर १९३८ पासून पुढच्या वर्षी महायुद्ध सुरू होईपर्यंत जवळपास १०,००० मुलं आली. मायस्लर स्वतः त्यातलाच एक, डान्झिगहून, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्कहून आलेला. मुलं आगगाडीने हॉलंडच्या किनाऱ्यापर्यंत, तिथून बोटीने हारिच, तिथून परत रेल्वेने इथे.

हे सगळं थोडंफार ऐकलेलं होतं. पण बाईंनी जी अट सांगितली ती माहीत नव्हती. सतराच्या आतलीच मुलं, आईबापांना बरोबर परवानगी नाही, आणि प्रत्येक मुलामागे ५० पौंडांची हमी कोणीतरी भरायची. कशासाठी, तर पुढे त्या मुलाला दुसऱ्या देशात पाठवायचं झालं तर तो खर्च सरकारवर पडू नये म्हणून. त्या काळी ५० पौंड म्हणजे कामगाराची कित्येक आठवड्यांची मजुरी. आणि मुलंच का घेतली, तर मुलं कोणाची नोकरी पळवत नाहीत. त्यांतल्या बहुतेकांना आईबाप परत भेटले नाहीत. निकोलस विंटन या माणसाने प्रागहून ६६९ मुलं सोडवली ते बऱ्याच जणांना माहीत असतं, त्याचीही धावपळ या हमीसाठी आणि घरं शोधण्यासाठीच होती.

आमच्या ग्रुपमधले एक अमेरिकन काका म्हणाले, ब्रिटनने केवढं मोठं मन दाखवलं. बाई म्हणाल्या, हो, दाखवलं, आणि आईबापांना दाराबाहेर ठेवलं, दोन्ही खरं आहे. एवढंच, आणि चालायला लागल्या. पुतळ्याच्या कट्ट्यावर एक मुलगा सँडविच खात बसला होता, बॅगांच्या शेजारी त्याची बॅग. त्याला कोणी हटकलं नाही.

तिथून रस्ता ओलांडून आत शिरलं की पाच मिनिटांत काचेचे टॉवर संपतात आणि बोळ सुरू होतात. सँडीज रो नावाच्या बोळात एक सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, अजून चालू. ती इमारत मुळात १७६६ ची, फ्रेंच प्रॉटेस्टंट लोकांचं चर्च होतं ते. म्हणजे फ्रेंच निर्वासित गेले आणि डच ज्यू आले. बाहेरून पाहिलं आणि पुढे गेलो, आत जायचं तर आधी वेळ ठरवावी लागते.

मग ब्रून स्ट्रीट. इथे मी फोटो काढत बराच वेळ रेंगाळलो. एक लाल विटांची देखणी इमारत, वर दगडात कोरलेलं, गरीब ज्यूंसाठी सूप किचन. खाली दोन सालं, १९०२ आणि ज्यू पंचांगातलं ५६६२. मधोमध सुपाचं भांडं कोरलंय. आणि दोन दारं, एकावर आत जायचा रस्ता, दुसऱ्यावर बाहेर जायचा रस्ता, तेही दगडात कोरलेलं. म्हणजे बांधतानाच माहीत होतं की रांग लागणार आहे, आणि ती काही चार महिन्यांची नाही. आता तिथे फ्लॅट आहेत, महागडे. पाटी मात्र तशीच ठेवलीये. कोणाच्या तरी डायनिंग टेबलाच्या बरोबर वर 'गरीब ज्यूंसाठी' लिहिलेलं असेल, मला तर बाबा झोप लागली नसती.

इथे बाईंनी जे सांगितलं ते पुस्तकी कौतुकात येत नाही. १८८१ साली रशियाचा झार मारला गेला, त्यानंतर ज्यूंवर हल्ले सुरू झाले, आणि पहिल्या महायुद्धापर्यंत साधारण सव्वा ते दीड लाख ज्यू ब्रिटनमध्ये येऊन राहिले, त्यातले खूप जण या ईस्ट एंडमध्ये, म्हणजे लंडनच्या या पूर्व भागात. लंडनमध्ये आधीपासून श्रीमंत ज्यू कुटुंबं होतीच. त्यांनी सूप किचन काढलं, शाळा चालवल्या, लेमन स्ट्रीटला उतरायची सोय केली. पण त्यांच्याच मदत संस्थेने हजारो नव्या लोकांना परतीचं भाडं देऊन परतही पाठवलं, कारण या फाटक्या, यिडिश ही तिकडच्या ज्यूंची भाषा बोलणाऱ्या लोकांमुळे आपली बसलेली घडी मोडेल ही भीती. आपल्याकडे गावाकडचा पाहुणा मुंबईच्या खोलीवर मुक्कामाला आला की पोहे पण करतात आणि परतीची एसटी किती वाजता ते पण विचारतात, तसलंच. शेवटी १९०५ मध्ये कायदाच झाला, बोटीतून येणाऱ्या गरीब परदेशी माणसाने स्वतःचं पोट भरता येतं हे दाखवायचं, नाहीतर परत. धर्मामुळे किंवा राजकारणामुळे छळ झालेल्यांना सूट होती, निदान कागदावर तरी.

आता खरा माल. स्पिटलफील्ड्स मार्केट ओलांडून फूर्निए स्ट्रीटवर आलो आणि भाची माझ्याकडे बघून हसायला लागली. बाईंनी हात वर केला आणि म्हणाल्या, छपराच्या खालचा मजला बघा. बघतो तर काय, खालच्या मजल्यांना साध्या खिडक्या आणि सगळ्यात वर माळ्यावर भिंतभर काचाच काचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी न राहवून म्हणालो, वर माग होते! बाई एकदम खूश, तुम्हाला कसं कळलं? म्हटलं, बाई, मी इचलकरंजीचा, आमच्या घरात झोपायची खोली नंतर झाली, मागाचं शेड आधी. विणणाऱ्याला उजेड लागतो, धागा तुटलेला दिसला पाहिजे, त्यात रेशीम म्हणजे केसासारखं. त्यानंतर उरलेली टूर बाई अर्धी ग्रुपला आणि अर्धी मला सांगत होत्या, बाकीच्यांची क्षमा मागतो.

गोष्ट अशी. फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंट लोकांना ह्युगेनॉट म्हणायचे. १५९८ साली राजाने त्यांना धर्मपालनाची मुभा दिली होती, ती चौदाव्या लुईने १६८५ मध्ये काढून घेतली. चर्च पाडली, धर्म बदला म्हणून घराघरात सैनिक बसवले, आणि वर देश सोडून जायलाही बंदी. तरीही दोनेक लाख लोक निसटले, त्यातले ४०-५० हजार इंग्लंडला आले. त्यात रेशमाचे विणकर होते, ते या भागात, म्हणजे स्पिटलफील्ड्समध्ये जमले. इथेच का, तर हा भाग लंडन शहराच्या वेशीबाहेर, शहरातल्या कारागीर संघांचे नियम इथे ढिले, आणि भाडं कमी. म्हणजे जकात नाक्याच्या पलीकडे शेड टाकायची, ही अक्कल तीनशे वर्षांपूर्वीची आहे.

पण बाईंनी लगेच एक फुगा फोडला. म्हणाल्या, ही समोरची सुंदर घरं मजुरांची नाहीत हं, ही मालकांची आणि व्यापाऱ्यांची. साधे विणकर पलीकडे बेथनल ग्रीनच्या बाजूला एकेका खोलीत, तिथेच माग, तिथेच चूल, तिथेच पोरं. मालक रेशमाचं सूत द्यायचा, विणकर घरी विणून आणायचा, नगावर मजुरी मिळायची. मी भाचीला म्हटलं, अगं हे तर खर्चीवाले! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्याकडे व्यापारी सूत देतो, आम्ही आमच्या मागावर त्याचं कापड विणून देतो आणि पिकाप्रमाणे मजुरी घेतो, पिक म्हणजे आडवा धागा, एका इंचात किती बसले त्याच्यावर हिशोब. माग आपला, शेड आपली, लाइटबिल आपलं आणि दर त्याचा. याला खर्चीवाला म्हणतात. हा धंदा मला वाटायचं आमच्याच नशिबी आहे.

नक्षीच्या रेशमी कापडाला तेव्हा अजून जॅकार्ड, म्हणजे मागावर बसवायचं नक्षी आपोआप पाडणारं यंत्र, यायचा होता. मागाशेजारी एक पोरगा दोऱ्या ओढायला उभा, विणकर बसलेला, आणि एकेक दोरी बरोबर वेळेला ओढायची, चुकली की नक्षी गेली. पोरांची ती नोकरीच होती. मी विचारलं, मग दिवसाला किती विणून व्हायचं? बाई म्हणाल्या, भारी नक्षी असेल तर काही इंच. आमच्याकडे साध्या मागावर दिवसात जेवढं निघतं ते सांगितल्यावर त्या बघतच राहिल्या.

मागच्या गल्लीत, प्रिन्सलेट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, अ‍ॅना मारिया गार्थवेट राहायची, १७२८ पासून. ती निर्वासित नव्हे, लिंकनशरच्या पाद्र्याची मुलगी, पण रेशमाच्या डिझाइन तिच्या, आणि विणायचे हे फ्रेंच. फुलं इतकी हुबेहूब की कुठलं झाड ते ओळखावं. घराला निळी पाटी आहे. पुढे १९ नंबरचं घर, एका ह्युगेनॉट रेशीमवाल्या कुटुंबाचं, पुढे मागच्या अंगणात १८६९ मध्ये ज्यूंनी सिनेगॉग बांधलं. बाहेरून साधं, आणि वर्षात मोजक्याच वेळा उघडतं, त्यामुळे आधी बघून जा.

आता मला जे सगळ्यात जास्त लागलं ते. १७०० च्या आसपास ईस्ट इंडिया कंपनी आपल्याकडचं छापील सुती कापड इकडे आणायची, गुजरातचं, कोरोमंडलचं. धुतलं तरी रंग जात नाही, स्वस्त, हलकं, बायका वेड्या झाल्या त्यापायी. रेशीमवाले आणि लोकरवाले बुडायला लागले. आधी बाहेरून छापून आलेल्या कापडावर बंदी आणली, पण त्याने भागेना, इथे आणून छापायला लागले. मग १७१९ मध्ये स्पिटलफील्ड्सचे विणकर रस्त्यावर उतरले आणि ज्या बाईच्या अंगावर हे कापड दिसेल तिच्यावर शाई फेकायची, कोणी अ‍ॅसिड टाकायचं, अंगावरचे कपडे फाडायचे. पुढे १७२१ साली कायदाच झाला, छापील सुती कापड वापरायचंच नाही, आणि तो १७७४ पर्यंत टिकला.

म्हणजे राजाच्या सैनिकांपासून जीव वाचवून आलेल्या लोकांची पोरं, इथल्या इंग्रज विणकरांच्या खांद्याला खांदा लावून, बायकांच्या अंगावरचे कपडे फाडत होती. आणि कापड कोणाचं, तर आपल्या विणकरांचं. मी दोन मिनिटं गप्पच झालो. राग यावा की काय तेच कळेना, कारण बाहेरचा स्वस्त माल आला की आमच्याकडे काय बोलतात ते मी रोज ऐकतो, मी पण बोलतो. कोणाच्या अंगावर हात टाकायचं मनात येत नाही एवढाच फरक, आणि तो फरक मोठाच आहे.

माझ्या डोक्यातली ती 'बिचारे निर्वासित' वाली टूर तिथेच संपली. ही माणसं बिचारी वगैरे काही नव्हती, भांडायची. आपसातही. १७६० च्या दशकात मजुरीवरून जे पेटलं त्यात रात्रीचे टोळ्या करून जायचे आणि कमी दरात विणणाऱ्याच्या मागावरचं रेशीम कापून टाकायचे. त्यात शोव्हे नावाच्या मोठ्या मालकाचे माग कापले गेले, सैन्य आलं, आणि डिसेंबर १७६९ मध्ये जॉन डॉयल आणि जॉन व्हॅलिन या दोन विणकरांना बेथनल ग्रीनला एका पबच्या समोरच फाशी दिली, म्हणजे त्यांच्याच वस्तीत, सगळ्यांनी बघावं म्हणून. तो पब अजून आहे, त्याच नावाने, सॅमन अँड बॉल. यातला एक आयरिश नावाचा, एक फ्रेंच नावाचा, तेवढ्यावरून कळतं की तोपर्यंत आयर्लंडहूनही विणकर येऊन यांच्यात मिसळले होते. मालक पण ह्युगेनॉट, मजूर पण ह्युगेनॉट. चर्चमध्ये एकाच बाकावर बसत असतील रविवारी.

त्यातून १७७३ चा कायदा आला, विणकरांची मजुरी न्यायाधीशांनी ठरवायची, त्यापेक्षा कमी दिली तर मालकाला दंड. हे ऐकून मी अक्षरशः टाळी वाजवली, भाचीने कोपर मारलं. आमच्याकडे मजुरीवाढीसाठी माग बंद ठेवून बैठकांवर बैठका होतात, करार होतात आणि मग तो पाळायचा कोणी यावर परत बैठका. इथे अडीचशे वर्षांपूर्वी कायदा होता! मग पुढे काय झालं? तर माल हळूहळू लंडनबाहेर जायला लागला, जिथे हा कायदा लागू नाही तिथे, एसेक्स, सफक. १८२४ मध्ये कायदा रद्द केला, मजुरी कोसळली, आणि १८६० मध्ये फ्रान्सबरोबर करार होऊन फ्रेंच रेशमावरची जकात गेल्यावर उरलंसुरलं संपलं. ज्या देशातून पळून आले त्याच देशाच्या मालाने धंदा बसला. बाईंनी हे सांगताना काही टिप्पणी केली नाही, मीही करत नाही.

फूर्निए स्ट्रीट जिथे ब्रिक लेनला मिळते तिथल्या कोपऱ्यावरची इमारत या टूरची हिरोइन आहे, सगळे इथेच सेल्फी घेतात. १७४३ मध्ये ह्युगेनॉट लोकांनी बांधलेलं चर्च. १८०९ मध्ये ज्यूंना ख्रिश्चन करायला निघालेल्या मिशनऱ्यांनी घेतलं. १८१९ मध्ये मेथडिस्ट पंथाचे ख्रिश्चन आले. १८९८ मध्ये तिथे ज्यूंचं मोठं सिनेगॉग झालं, म्हणजे ज्यांना बदलायला निघाले होते त्यांनीच जागा घेतली. आणि १९७६ पासून मशीद, ब्रिक लेन जामे मस्जिद. वर भिंतीत १७४३ चं सूर्यघड्याळ तसंच आहे, त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय, आपण सावली आहोत. सूर्य काही आमच्या वेळेला नव्हता, त्यामुळे किती वाजले ते कळलं नाही.

आम्ही गेलो तो शुक्रवार होता, नेमकी नमाज सुटत होती. दारातून माणसं बाहेर पडतायत, कोणी बूट घालतोय, कोणी मोबाइल चालू करतोय, दोन आजोबा बांगलादेशातल्या सिलहेटी बोलीत कशावरून तरी वाद घालतायत, आणि आमचा ग्रुप मध्येच उभा राहून वर बघतोय. एक तरुण थांबला आणि बाईंना म्हणाला, आज काय नवीन सांगितलंत? ओळखीचा होता. जायचं तर शुक्रवारीच जा असं मी म्हणेन. रविवारी बाजाराची एवढी गर्दी असते म्हणे की गाइडचा आवाज पोचत नाही, आणि शनिवार म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस.

बांगलादेशी लोक काटेकोर अर्थाने सगळे निर्वासित नव्हेत, बाईंनी स्वतःच सांगितलं. सिलहेटचे खलाशी फार आधीपासून या गोदीत उतरायचे, मग कामाला माणसं आली, आणि १९७१ नंतर कुटुंबं यायला लागली. पण खोल्या त्याच. ज्यू शिंपी ज्या कारखान्यांत कोट शिवायचे तिथे ही माणसं चामड्याची जॅकेट शिवायला लागली. शिलाई मशीनचा मालक तेवढा बदलला.

शेवटचा थांबा अलताब अली पार्क. ४ मे १९७८ ला, कामावरून घरी जाणाऱ्या अलताब अली या तरुण कापड कामगाराला इथे जवळच भोसकून मारलं, वर्णद्वेषातून. त्या दिवशी तिथे महापालिकेच्या निवडणुका होत्या. दहा दिवसांनी सुमारे ७,००० माणसं त्याच्या शवपेटीमागे भर पावसात मध्य लंडनपर्यंत चालत गेली. १९९८ मध्ये बागेला त्याचं नाव दिलं, ढाक्याच्या शहीद मिनारची प्रतिकृतीही तिथे आहे. तिथून थोड्या अंतरावर केबल स्ट्रीट, जिथे ४ ऑक्टोबर १९३६ ला ओस्वाल्ड मोस्ली या इंग्रज पुढाऱ्याच्या फॅसिस्टांचा मोर्चा ज्यू आणि आयरिश गोदी कामगारांनी रस्ते अडवून रोखला होता. बाईंनी फक्त दिशा दाखवली, ती वेगळी टूर आहे.

इथे त्या अमेरिकन काकांनी समारोप करून टाकला, बघा, निर्वासितांनी या शहराला किती दिलं, रेशीम दिलं, कपडे दिले, करी दिली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते काही पटलं नाही. म्हटलं, स्टेशनवरची ती पाच मुलं काय घेऊन आली होती? एक व्हायोलिन. आणि त्यातल्या एखाद्याला वाजवता येत नसेल तर? निर्वासिताने आल्याआल्या हुन्नर दाखवायचा, मग आपण त्याला चहा द्यायचा, हा हिशोब मला त्या पन्नास पौंडांच्या हमीसारखाच वाटतो. इंग्रजी माझं असं-तसंच, किती पोचलं माहीत नाही. बाई मात्र म्हणाल्या, पुढच्या टूरला हा प्रश्न मी स्टेशनवरच विचारणार.

पैसे द्यायची वेळ आली. टोपी वगैरे फिरवत नाहीत, गाइडकडे कार्डाचं छोटं मशीन असतं. बाजूला तिकीटवाल्या टूरचा जो दर चालतो तेवढे तरी द्यावेत असं माझं मत, आम्ही त्याहून थोडे जास्त दिले, कारण निम्मा वेळ मीच खाल्ला होता.

मग बाईंनी विचारलं, तुमच्या गावाकडे निर्वासित आले होते का? आणि मी सुरूच झालो. कोल्हापूरजवळ वळिवडे, आमच्यापासून तासाभराच्या आत. दुसऱ्या महायुद्धात रशियाने सैबेरियात नेऊन टाकलेले पोलिश लोक, बायका आणि मुलंच जास्त, इराणमार्गे भारतात आले, त्यातले ५,००० च्या आसपास १९४३ पासून वळिवड्याच्या कॅम्पमध्ये राहिले. शाळा, चर्च, दवाखाना, सगळं होतं. कोल्हापूरच्या महावीर गार्डनमध्ये त्यांचा स्मारकस्तंभ आहे. १९४७-४८ कडे ते गेले, बरेच जण इकडे ब्रिटनलाच. आणि त्यांच्या रिकाम्या बराकींमध्ये कोण आलं, तर फाळणीतून आलेले सिंधी. त्याचंच आजचं गांधीनगर. आणि गांधीनगर कशासाठी प्रसिद्ध? कापडाच्या होलसेलसाठी! बाईंनी वही काढून 'वळिवडे' लिहून घेतलं, स्पेलिंग दोनदा विचारलं.

टूर संपल्यावर भाचीला भूक लागली होती म्हणून ब्रिक लेनच्या वरच्या टोकाला गेलो, तिथे ज्यूंची बेगलची जुनी दुकानं आहेत, एक तर चोवीस तास चालू. पाव गोल, मध्ये भोक, चिवट. आत मांस घालून देतात, मी नुसतं चीजवालं घेतलं. रांगेत उभा असताना गांधीनगरच्या आमच्या व्यापाऱ्याला फोन लावला. इतकी वर्षं त्यांना माल देतो, पण हा विषय कधी निघाला नव्हता. विचारलं, शेठ, तुमचे वडील नेमके कुठून आले हो? ते म्हणाले, शिकारपूरहून, आजी, वडील आणि दोन ट्रंका, का रे, काय झालं? मी ह्युगेनॉट, रेशीम, सूप किचन सगळं एका दमात सांगायला लागलो. त्यांनी निम्म्यावर तोडलं, म्हणाले ते आल्यावर सविस्तर सांग, आधी सांग, बावन्न पिकीचा माल कधी पाठवतोस, आणि दर मागचाच लावायचा हं.